चहा स्वस्त झाला होता, तरी बुडवला कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, विषय अमेरिकेचं स्वातंत्र्य, आणि चिठ्ठीत तिला इंग्लंडच्या राजाची बाजू आली आहे. तुम्ही वाचायला बसलात तेव्हा दिसलं, की १७७३ च्या कायद्यानं वसाहतींत चहा उलट स्वस्तच होणार होता. कर होता एका पौंडाला, म्हणजे जेमतेम अर्ध्या किलोला, तीन पेन्स. तरीही बॉस्टनकरांनी पेट्या फोडून चहा समुद्रात ओतला आणि अडीच वर्षांत सगळ्या वसाहती राजाशी संबंध तोडून मोकळ्या झाल्या. मग 'कर बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांचं बंड' असं सरळ म्हणून टाकलं तर काय बिघडतं?

समोर थोडा अभ्यास केलेला मुलगा असेल तर तुमची मुलगी दुसऱ्या मिनिटाला अडकेल, हे बिघडतं. बावीस वर्षं मी टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, वर्गाला आधुनिक जगाचा इतिहास शिकवला. सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर कारणं लिहून देत असे: साखरेचा कायदा, मुद्रांकाचा कायदा, चहाचा कायदा. मुलं पाठ करत, पेपरात उतरवत, मी मार्क देत असे. मग एका वर्षी कंटाळून ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी मराठीत उतरवली, प्रती काढून वर्गात वाटल्या आणि विचारलं, "यात कर कितव्या नंबरवर आहे?" सगळे पहिल्या दोन-तीन ओळींत शोधायला लागले. तक्रारी एकूण सत्तावीस आहेत. कराची सतरावी. तीही एका ओळीची: आमच्या संमतीशिवाय कर लादले.

पहिल्या सोळांत काय आहे? पहिलीच तक्रार: लोकांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यांना राजानं मंजुरी नाकारली. दुसरी: तातडीचे कायदेही राजाची संमती येईपर्यंत गव्हर्नरांनी अडवून ठेवायचे, आणि अडवल्यावर राजानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. पुढे विधानसभा बरखास्त केल्या, नव्या निवडणुका लांबवल्या, सभासद थकावेत म्हणून बैठका दप्तरापासून लांब, गैरसोयीच्या जागी बोलावल्या. न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजानं आपल्या मर्जीवर ठेवला. शांततेच्या काळात फौज आणून बसवली. ही घरचा कारभार हातातून निसटत चाललेल्या माणसांची यादी आहे. खिशाला बसलेली चाट त्यात आहे, पण बरीच खाली.

पहिल्या तक्रारीमागची कल्पना कळायला व्हर्जिनियातला एक खटला सांगतो. पाठ्यपुस्तकात तो सहसा नसतो. माझा मात्र आवडता आहे. तिथल्या सरकारमान्य चर्चच्या पाद्र्यांना वर्षाचा पगार तंबाखूत मिळे, १६,००० पौंड वजनाचा तंबाखू. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच, फक्त धान्याऐवजी तंबाखू. १७५८ मध्ये दुष्काळानं पीक बुडालं आणि एरवी दोन पेन्सच्या घरात असलेला भाव सहा पेन्सपर्यंत चढला. तेव्हा व्हर्जिनियाच्या विधानसभेनं वर्षापुरता कायदा केला, की असली देणी तंबाखूऐवजी रोख, पौंडाला दोन पेन्स या दरानं चुकती करता येतील. शेतकरी वाचला, पाद्री चिडले. त्यांचा माणूस लंडनला गेला आणि १७५९ मध्ये राजाच्या सल्लागार मंडळानं, प्रिव्ही कौन्सिलनं, तो कायदा रद्द ठरवला. तोवर दुष्काळ सरला होता, कायद्याची मुदत संपली होती, देणीही फिटली होती. आता पाद्री थकबाकीसाठी कोर्टात गेले. १ डिसेंबर १७६३ ला हॅनोव्हरच्या कोर्टात रेव्हरंड जेम्स मॉरी यांच्या दाव्यात पॅट्रिक हेन्री नावाचा सत्तावीस वर्षांचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, प्रजेच्या भल्याचा कायदा रद्द करणारा राजा प्रजेचा बाप राहत नाही, तो जुलमी होतो. कोर्टात 'राजद्रोह' अशी कुजबुज झाली. कायद्यानं पाद्र्याची बाजू आधीच खरी ठरली होती, ज्यूरीला फक्त भरपाईचा आकडा सांगायचा होता. ज्यूरीनं काही मिनिटांत तो सांगितला: एक पेनी.

या खटल्यात वसाहतीवर एक छदामाचाही नवा कर नाही. तिथल्या दुष्काळाचा निर्णय तिथली पिकं न पाहिलेल्या माणसांनी घेतला आणि तोही दुष्काळ सरल्यावर घेतला, एवढंच आहे. जहाजानं अटलांटिक ओलांडायला पाच ते आठ आठवडे लागत. प्रश्न जायला दोन महिने, उत्तर यायला दोन महिने, मध्ये एखाद्या कार्यालयात कागद पडून राहिला तर वर्ष. हा सगळा दोष राजाच्या दुष्टपणाचा म्हणता येणार नाही, हे तुमच्या मुलीच्या कामाचं आहे. एडमंड बर्क या खासदारानं मार्च १७७५ मध्ये पार्लमेंटला हेच समजावून सांगितलं होतं: हुकूम आणि अंमल यांच्यामध्ये समुद्र आहे आणि महिने आहेत, कुठलंही सरकार ते पुसू शकत नाही.

आपल्याकडे याच सुमाराला, त्याच लंडनच्या बाबतीत काय झालं ते आठवा. मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्यानं तो नामंजूर करून मार्च १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. त्याची शाई वाळते न वाळते तोच लंडनहून कंपनीच्या संचालकांचं पत्र आलं, की आम्हाला सुरतेचा तह पसंत आहे. नाना फडणवीसांना यातल्या नेमक्या कोणत्या इंग्रजाशी बोलायचं हे कळत नव्हतं. फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींनाही तेच कळत नव्हतं.

आता चहाकडे वळू. तुमचं वाचन बरोबर आहे, चहा स्वस्त होणार होता. पण तीन पेन्सचा कर १७७३ चा नाही, १७६७ चा आहे. त्या वर्षी ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंड यानं काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर वसाहतींत जकात बसवली. बहिष्कार झाला, १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची मुद्दाम ठेवली. का ठेवली, हे वर्गात नेहमी विचारावं लागे, कारण उत्पन्न फार नव्हतं. एक कारण हक्क शाबूत ठेवण्याचं: १७६६ मध्ये मुद्रांकाचा कायदा मागे घेताना पार्लमेंटनं त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला होता, की वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधणारे कायदे करण्याचा आम्हाला अधिकार आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: त्या पैशातून गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते.

बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजा नेमे, पण पगार तिथली विधानसभा मंजूर करी. गव्हर्नर फार ताठला तर पगाराचा ठराव रेंगाळे. कित्येक वर्षं वसाहतींनी राजाची माणसं अशीच हाताशी ठेवली होती. त्यांच्या हातात दुसरी दोरी नव्हतीच. १७७२ पर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा पगार राजाकडून सुरू झाला आणि न्यायाधीशांचाही होणार अशी बातमी आली. म्हणजे माझ्याच चहाच्या जकातीतून ज्याचा पगार निघणार, त्या न्यायाधीशावर माझ्या प्रतिनिधीची काडीची पकड नाही. त्याच वर्षी सॅम्युअल ॲडम्स या जहाल पुढाऱ्यानं बॉस्टनमध्ये, इतर गावांशी पत्रानं संधान ठेवायला, पत्रव्यवहार समिती उभी केली, ती याच मुद्द्यावर. तीन पेन्स ही किंमत नव्हती, तो नाडी कापणारा चाकू होता. (वर्गात हे वाक्य मी फार वेळा वापरलं आहे, क्षमस्व.)

१७७३ च्या कायद्याचं मूळ मात्र अमेरिकेत नाही, आपल्याकडे आहे. ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये दिवाळ्याच्या दारात उभी होती. बंगालचं उत्पन्न अपेक्षेइतकं येईना, फौजेचा खर्च वाढलेला, आणि लंडनच्या गोदामांत चीनचा जवळपास पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून. सरकारनं कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग ॲक्टनं तिच्यावर लगाम घातला आणि चहाच्या कायद्यानं तिला सवलत दिली: लंडनचा लिलाव टाळून, इंग्लंडमधली जकात परत घेऊन, आपल्याच नेमलेल्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विका. डाउड्सवेल नावाच्या खासदारानं पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला सभागृहातच बजावलं, की तेवढी तीन पेन्सची जकात काढा, नाहीतर ते चहा घेणार नाहीत. नॉर्थनं काढली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. माझे विद्यार्थी १७७३ हे साल त्यावरूनच लक्षात ठेवत.

बॉस्टनमध्ये ज्यांना अडत मिळाली त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. आता व्यापाऱ्यांच्या स्वार्थाचं. तो होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वसाहतींत डच चहाची चोरटी आयात जोरात होती, स्वस्त कायदेशीर चहानं त्या धंद्याचं कंबरडं मोडलं असतं. प्रामाणिक व्यापारीही अडत्यांच्या यादीतून बाहेर राहिले होते. पण फक्त तस्करांनी बंड केलं असतं तर शेतकरी, कारागीर आणि पाद्री त्यांच्यामागे गेले नसते. तेरा वसाहतींतली बहुतेक माणसं शेती करत होती.

चहा बुडवला त्या रात्रीची घाईही नियमामुळे झाली. जहाज बंदरात शिरल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करी, आणि एकदा जप्त झाला की तो विकला जाणार हे ठरलेलं. 'डार्टमाउथ' जहाज २८ नोव्हेंबरला आलं होतं. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून जहाजं परत पाठवता आली, चार्ल्सटनला चहा तळघरात कुलूपबंद झाला. बॉस्टनला हचिन्सननं परतीचा परवाना द्यायला साफ नकार दिला. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, ३४२ पेट्या बंदरात रित्या झाल्या. कंपनीनं नुकसान लावलं ९,६५९ पौंड.

यात एक आवाज आपल्याशी थेट जोडलेला आहे. पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन हा जहाल माणूस नव्हता. पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यानं सहीसुद्धा केली नाही. पण नोव्हेंबर १७७३ मध्ये त्यानं 'रस्टिकस' या टोपणनावानं लिहिलं, की या कंपनीचं आशियातलं वागणं पाहा. एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेनं मेली असं सांगतात, जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, तर कंपनीनं आणि तिच्या नोकरांनी अन्नाचा मक्ता घेतला म्हणून. तो १७७० च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल बोलत होता. बॉस्टनच्या चहाच्या भांडणात बंगालचे मेलेले लोक पुरावा म्हणून उभे होते, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं.

मात्र यावरून 'त्यांचं आणि आपलं दुःख एकच' असं समजू नका. मराठीत आपण दोन्हीकडे 'वसाहत' हाच शब्द वापरतो, आणि तोच शब्द औद्योगिक वसाहतीलाही वापरतो, त्यामुळे गोंधळ होतो. अमेरिकेतले तक्रारदार हे जाऊन वसलेले लोक होते, बरेचसे इंग्रजांचेच नातू-पणतू. 'इंग्रज माणसाचे हक्क आम्हाला द्या' हा त्यांचा पहिला दावा. आपण जिंकलेली प्रजा होतो. त्यांची जमीनही कुणाची तरी घेतलेली होती. १७६३ मध्ये राजानं ॲपलेशियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करू नका असा हुकूम काढला, आणि मूळ रहिवाशांना थोडंफार संरक्षण देणारा तो हुकूम वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत सलत होता.

मग सगळा राग राजावरच का? कर लावला पार्लमेंटनं, चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून बॉस्टनचं बंदर बंद केलं पार्लमेंटनं, आणि जाहीरनाम्यात पार्लमेंटचं नावसुद्धा नाही. राजानं 'इतरांशी' संगनमत केलं एवढाच उल्लेख. ही चूक नाही, वकिली आहे. १७७४ पर्यंत वसाहतींतले पुढारी म्हणू लागले होते, की पार्लमेंटचा आमच्यावर मुळात अधिकारच नाही, आमच्या विधानसभा आणि लंडनचं पार्लमेंट बरोबरीचे, दोघांना जोडणारा एकटा राजा. हा युक्तिवाद मान्य केला की तोडायला धागा एकच उरतो. आणि 'आम्हाला लंडनमध्ये खासदार द्या' असंही ते मागत नव्हते. १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं, की अंतरामुळे आम्हाला तिथे प्रतिनिधित्व मिळूच शकत नाही. 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा वाचून बहुतेक मुलं नेमकी उलट समजूत करून घेतात.

राजाला शेवटपर्यंत संधीही दिली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला एप्रिल १७७५ मध्ये राजाच्या फौजेशी चकमक होऊन गोळी सुटल्यावरही, ८ जुलैला, काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, राजाकडे नम्र अर्ज केला. त्यानं तो घेतलाच नाही. २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. ती बातमी फिलाडेल्फियाला पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरमध्ये पार्लमेंटनं वसाहतींचा सगळा समुद्री व्यापार बंद केला, जहाजं पकडायची मुभा दिली. मे १७७६ मध्ये कळलं की राजा जर्मन संस्थानांतून भाड्याची फौज आणतो आहे. 'राजा भला, मंत्री वाईट' म्हणणाऱ्यांची तोंडं तिथे बंद झाली. स्वातंत्र्य हवं म्हणून त्यांनी तक्रारी केल्या असं नाही, तक्रारी ऐकायला कुणी नव्हतं तिथून स्वातंत्र्याची भाषा सुरू झाली. सॅम्युअल ॲडम्ससारख्यांच्या मनात ती आधीपासून होती असं मानणारे आहेत. त्याच्यापुरतं ते खरं असू शकेल, पण डिकिन्सनला ते लागू नाही.

हे सगळं 'वसाहतवाले' म्हणून एका दावणीला बांधता येत नाही, हेही सांगायला हवं. बॉस्टनचा व्यापारी, लंडनच्या सावकारांच्या कर्जात बुडालेला व्हर्जिनियाचा तंबाखूवाला, डोंगरापलीकडची जमीन हवी असलेला गरीब शेतकरी, प्रत्येकाचं कारण वेगळं. राजनिष्ठ राहिलेलेही पुष्कळ. युद्धानंतर साठ हजारांच्या आसपास माणसं देश सोडून गेली.

आता तुमच्या मुलीसाठी. राजाची बाजू दुबळी नाही, मी ती वर्गात आवडीनं मांडत असे. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धानं ब्रिटनचं कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते तेरा कोटींवर गेलं. त्या युद्धाचा मोठा भाग वसाहतींच्या सीमेवर, त्यांच्या संरक्षणासाठी लढला गेला. इंग्लंडमधला माणूस अमेरिकेतल्या माणसाच्या कितीतरी पट कर भरत होता. मँचेस्टरलाही त्या वेळी खासदार नव्हता, तरी मँचेस्टर कर भरत होतं. हा मुद्दा तिनं जरूर घ्यावा, पण समोरून 'मग मँचेस्टरवरही अन्यायच' असं उत्तर येईल, त्याची तयारी ठेवावी.

तिचं खरं हत्यार सत्तावीसावी तक्रार आहे. राजानं आमच्यात अंतर्गत बंडं भडकवली, असं ती म्हणते. कसली बंडं? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर यानं जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. त्या तक्रारीचा रोख याकडे आहे. त्याच वाक्यात मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटलं आहे. तेव्हा वसाहतींची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या घरात होती आणि त्यातला जवळपास पाचवा हिस्सा गुलाम होता. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसननं मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोषही राजाच्या माथी मारला होता, तो परिच्छेद काँग्रेसनं गाळला. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाची त्याला हरकत होती असं जेफरसननंच नोंदवलं आहे. आणि जेफरसननं स्वतः आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलामीत ठेवली. १७८३ मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडून गेले तेव्हा त्यांच्या जहाजांवर सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय माणसांची नावं नोंदून त्यांना नेलं गेलं, त्यातली बहुतेक पळून आलेली. त्यांच्या दृष्टीनं मुक्तीचा रस्ता दूरच्या राजाकडेच जात होता.

समोरचे म्हणतील, राजाला तरी गुलामांचा कुठे कळवळा होता, त्याला फक्त फौज हवी होती. खरं आहे ते, तिनं कबूल करून टाकावं. डनमोर स्वतःही गुलाम बाळगून होता.

यादीची प्रत मिळवून तिला मोठ्यानं वाचायला लावा, एक ते सत्तावीस, सलग. शेजारी नुसतं लिहायला सांगा: कायदा, कोर्ट, फौज, पैसा. माझ्या वर्गात हे करायला पाऊण तास लागे. आणि भाषणात कराचा विषय आपणहून काढू नको म्हणावं. तो समोरच्यांना काढू दे, मग विचार म्हणावं, तुमच्याच यादीत तो कितवा आहे.